दोन पट्ट्या, एक अक्षर आणि आप्पांची कानतुटकी

गेल्या आठवड्यात आमच्या विद्यापीठात दोन दिवसांचं सिंपोझियम झालं, पृष्ठवंशी प्राण्यांचं जनुकशास्त्र आणि जीनोमिक्स या विषयावर, म्हणजे पाठीला कणा असलेले जेवढे म्हणून प्राणी आहेत, मासे, बेडूक, साप, कोंबड्या, वाघ, मेंढ्या आणि आपण स्वतः, त्या सगळ्यांच्या डीएनएबद्दल. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय पण कार्यक्रम संपल्यावर दोन दिवस नुसती झोपून काढले. आता डोकं जागेवर आलंय तर लिहून टाकते, कारण त्यातली एक दुपार मला फार पुरणार आहे आणि विसरायच्या आत ती कुठंतरी नोंदवून ठेवायची आहे.

माझं त्यात पोस्टर होतं, म्हणजे आपलं काम मोठ्या कागदावर छापून हॉलमध्ये लावायचं आणि बघायला येणाऱ्यांना समजावून सांगायचं, पहिलंच. विषय मेंढ्या. आमचं मूळ घर माण तालुक्यातलं, वडील शिकून नोकरीला लागले पण माझे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, अजून मेंढरं घेऊन फिरतात. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, हलतो, घोड्यावर बिऱ्हाड, वाघरीची जाळी, कोकरं, कोंबड्या सगळं लादून, आणि पावसाच्या तोंडावर परत. तर आप्पांच्या वाड्यातल्या ४२ मेंढ्यांचं रक्त घेऊन मी एका जनुकाची टेस्ट केली होती, आणि तेच पोस्टरवर होतं. जनुक कुठलं ते पुढं सांगते, आधी पहिल्या दिवसाबद्दल.

पहिला दिवस मोठ्या मोठ्या जीनोमचा. जीनोम म्हणजे एखाद्या प्राण्याचा अख्खा डीएनए, ए, टी, जी, सी अशा चारच अक्षरांत लिहिलेला. उद्घाटन, दीपप्रज्वलन वगैरे नेहमीचं झालं आणि मग थेट लंगफिशवर आले. ऑस्ट्रेलियन लंगफिश म्हणून मासा आहे, त्याला फुप्फुस असतं, पाण्यातून जमिनीवर आलेल्या आपल्या पूर्वजांचा जवळचा नातेवाईक. त्याचा जीनोम २०२१ मध्ये वाचून झाला आणि तो निघाला जवळजवळ ४,३०० कोटी अक्षरांचा. माणसाचा साधारण ३०० कोटींचा. आणि फुगू नावाचा जपानात खातात तो विषारी मासा, त्याचा अवघा ४० कोटींच्या आसपास, पण जनुकं मोजायला जावं तर तिघांचीही साधारण वीस-तीस हजारांच्याच घरात! लंगफिशमधली बाकीची बहुतेक अक्षरं म्हणजे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा कॉपी होऊन साठलेले. मला ऐकताना घरची लोकर आठवली. ढीग केवढा आहे त्याच्यावर घोंगडं कसं होणार ते ठरत नाही, विणकर कोण आहे त्याच्यावर ठरतं.

मग व्हर्टिब्रेट जीनोम्स प्रोजेक्टबद्दल झालं. जगात पृष्ठवंशी प्राण्यांच्या साधारण ७०,००० जाती आहेत आणि त्या प्रत्येकीचा एक तरी चांगला, नीट जोडलेला, फटी नसलेला जीनोम तयार करायचा असा हा मोठा आंतरराष्ट्रीय घाट आहे. २०२१ मध्ये पहिल्या १६ जातींचे निकाल त्यांनी छापले. आधीचे बरेच जीनोम छोट्या छोट्या तुकड्यांतून जोडलेले होते, म्हणजे वर्तमानपत्र कात्रीनं बारीक कापून मग शब्दाला शब्द जुळवत बसावं तसं, त्यात काही अवघड भाग सुटून जायचे आणि अख्खी जनुकंच्या जनुकं नाहीत असं वाटायचं. आता लांब लांब तुकडे वाचता येतात त्यामुळं ती सापडायला लागली. हे ऐकताना हॉलमध्ये एवढी शांतता होती, मला फार छान वाटलं, एवढी माणसं एका गोष्टीत गुंतलीयत आणि कुणी फोन बघत नाहीये.

दुपारी वाघ. ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये काळे वाघ दिसतात, म्हणजे पूर्ण काळे नाहीत, पट्टे एवढे रुंद आणि एकमेकांत मिसळलेले की वाघ काळा वाटतो. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमनं २०२१ मध्ये दाखवलं की हे टॅकपेप नावाच्या एका जनुकातल्या बदलामुळं होतं, आणि गंमत म्हणजे याच जनुकातल्या वेगळ्या बदलांनी घरातल्या मांजरांच्या अंगावरचे पट्टे गोल गोल पसरट होतात आणि चित्त्यांमध्ये ठिपक्यांऐवजी जाड पट्टे असलेला किंग चीता होतो. पण मला लागलं ते वेगळंच. सिमिलीपालचे वाघ बाकीच्या वाघांपासून तुटलेत, थोडेच आहेत, नात्यातल्या नात्यात पिल्लं होतात, म्हणून तो दुर्मीळ बदल तिथं एवढा वर आला. आमचे आप्पा दर दोन-तीन वर्षांनी मेंढा बदलतात. स्वतःचा दुसऱ्या वाड्याला देतात, त्यांचा आपल्याकडं आणतात, "घरातलं घरात नको, कळप खचतो" एवढंच म्हणतात, इनब्रीडिंग हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही. वाघांना मेंढा बदलून देणारं कुणी नाही. त्यांना लागतात ती जंगलं जोडणारे रस्ते, म्हणजे कॉरिडॉर, आणि ते आपण तोडत चाललोय.

झेब्राफिशवरही दोन व्याख्यानं होती. तो मूळचा आपल्याच उपखंडातल्या नद्यांतला मासा, आता जगभरच्या लॅबमध्ये आहे, माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार सापडतो, आणि हृदयाचा तुकडा कापला तरी तो परत वाढवतो, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत यावर काम चालतं. ते विषय मोठे आहेत, त्यांच्यावर परत कधीतरी लिहीन. आज मेंढीवर येते.

तर ते जनुक. त्याला फेक-बी म्हणतात, किंवा बूरूला. गोष्ट ऑस्ट्रेलियात सुरू होते असं वाटतं पण खरी सुरुवात बंगालातली आहे. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ बूरूला नावाचं फार्म होतं, तिथल्या मेरिनो मेंढ्यांना सारखी जुळी-तिळी व्हायची. मेरिनो म्हणजे लोकरीची मेंढी, एवढी पिल्लं देण्याबद्दल तिची ख्याती नाही. पुढं सरकारी संशोधन संस्थेनं त्या मेंढ्या घेतल्या, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, आणि १९८०च्या आसपास पायपर आणि बिंडन या शास्त्रज्ञांनी मांडलं की हा अनेक जनुकांचा मिळून झालेला परिणाम नाही, एकच मोठं जनुक आहे. मग ते शोधायला लागली पुढची वीस वर्षं. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकदमच ते पकडलं. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर, बीएमपीआर-वन-बी नावाच्या जनुकात, एका ठिकाणी ए च्या जागी जी. बस्स. मेंढीचा जीनोम २६० कोटी अक्षरांच्या आसपास आहे आणि त्यातलं एक अक्षर बदललं की प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामिन या घटकाऐवजी अर्जिनिन बसतं आणि मेंढीच्या अंडाशयात एकाऐवजी जास्त अंडी पिकून सुटतात. ते प्रथिन म्हणजे पेशीवरचा एक रिसेप्टर आहे, "थांब, एवढ्यात पिकू नको" असा निरोप घेणारा, बदललेल्या मेंढीत तो निरोप थोडा अशक्त पोचतो, मग अंड्यांच्या पिशव्या (फॉलिकल) लहान असतानाच तयार होतात आणि जास्त संख्येनं तयार होतात.

आणि हे अक्षर ऑस्ट्रेलियात आलं कुठून? १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजानं सिडनीला बंगाली मेंढ्या गेल्या होत्या, वसाहतीतल्या लोकांना मटण पाहिजे म्हणून. त्यांचं रक्त पुढं मेरिनोत मिसळलं. २००२ मध्ये डीएनए तपासून दाखवलं गेलं की सुंदरबनातल्या गरोल मेंढीत तंतोतंत हाच बदल आहे. गरोल म्हणजे इवलीशी मेंढी, दहा-पंधरा किलोची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, आणि जुळी देणं हा तिचा रोजचा धर्म. वर्षानुवर्षं लोकांनी जे ऑस्ट्रेलियन आश्चर्य म्हणून बघितलं ते बंगालच्या चिखलातून गेलेलं होतं.

यातला पुढचा भाग आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि तो आपल्याच लोकांना फारसा माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेली. नव्वदच्या दशकात त्यांनी सुंदरबनातून गरोल मेंढ्या फलटणला आणल्या. कारण साधं होतं. आपली दख्खनी मेंढी काटक, उन्हातान्हात रोज मैलोन् मैल चालणारी, दुष्काळात तग धरणारी, पण एका वेताला एकच कोकरू. पूर्वी लोकरीला भाव होता, घोंगडी खपायची, आता धनगराचा सगळा पैसा कोकरू विकून येतो, आणि चराईची रानं तर कमी कमी होत चाललीत, मग मेंढ्यांची संख्या वाढवून भागत नाही, आहे त्या मेंढीनं जास्त दिलं तरच काहीतरी हाताला लागतं. डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम पुढं नेलं, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ त्यात होते. जाता जाता, चंदाताई इरावती कर्वे यांच्या नात. आजीनं महाराष्ट्रभर फिरून माणसांची मोजमापं घेतली, नात आमच्या मेंढरांपाशी आली, मला ही जोडी फार आवडते.

पण गरोल नुसती दख्खनीशी लावून चालत नाही. संकर लहान होतो, लहान कोकराला बाजारात पैसा येत नाही. म्हणून करायचं असं की संकरातून झालेली मेंढी परत दख्खनीशी लावायची, तिची पोरं परत दख्खनीशी, दर पिढीला गरोलचं रक्त निम्म्यानं उतरत जातं, फक्त ते एक अक्षर मात्र हातातून सुटू द्यायचं नाही. आता यातली अडचण बघा. मादीचं कळतं, तिला जुळं झालं की कळलं. पण मेंढ्याचं काय? तो विणार थोडाच! त्याच्या अंगात ते अक्षर आहे का हे बघायचं तर त्याच्या लेकी मोठ्या होऊन विण्याची वाट बघायची, आणि एवढं करून नाही निघालं तर तेवढी वर्षं पाण्यात. २००१ नंतर डीएनए टेस्ट आली आणि थेंबभर रक्तावर दूध पित्या कोकराचंच कळायला लागलं, ठेवायचा की विकायचा. मला वाटतं जनुकशास्त्राचा धनगराला झालेला इतका सरळ उपयोग दुसरा नाही. यातून जी जात उभी राहिली तिला नारी सुवर्णा म्हणतात, आणि तिचे मेंढे फलटणवरून धनगरांच्या कळपांत गेले. त्यातलाच एक तीन वर्षांपूर्वी आप्पांकडं आला.

मी केलं ते एवढंच की त्या मेंढ्याच्या लेकी आणि वाड्यातल्या बाकीच्या मेंढ्या, मिळून ४२, यांच्यात ते अक्षर कुणाकडं गेलंय ते बघितलं. यात नवीन शोध काही नाही, टेस्ट वीस वर्षं जुनी आहे. पण ती टेस्ट मला इतकी सुंदर वाटते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. डीएनएचा नेमका तेवढा तुकडा पीसीआरनं, म्हणजे त्याच्या भरपूर कॉप्या काढून, वाढवून घ्यायचा, १९० अक्षरांचा. मग त्यात अवा-टू नावाचं एन्झाइम घालायचं, ही एक कात्री आहे, तिला ठराविक अक्षरं दिसली की ती तिथंच कापते, एरवी हात लावत नाही. प्रायमरमध्ये, म्हणजे कॉपी जिथून सुरू होते त्या छोट्या तयार तुकड्यात, मुद्दाम एक अक्षर चुकीचं ठेवलेलं असतं, त्यामुळं मेंढीत बदल असेल तरच कात्रीला पाहिजे तो शब्द पूर्ण होतो. मग १९० चे १६० आणि ३० असे दोन तुकडे. बदल नसेल तर १९० तसाच राहतो.

ऐकायला सोपं, पण १९० आणि १६० यांत फरक आहे फक्त तीस अक्षरांचा. हे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायला जेलीसारखी वडी लागते, तिला जेल म्हणतात; मी पहिल्यांदा नेहमीसारखं दोन टक्क्यांचं जेल टाकलं आणि सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, काही म्हणजे काही कळेना. मॅडम म्हणाल्या साडेतीन टक्के कर. एवढं घट्ट जेल म्हणजे खळच, मायक्रोवेव्हमध्ये उतू जातं, बुडबुडे बसतात, ओतायच्या आत गोठायला लागतं. तिसऱ्या वेळेला जमलं. रात्री साडेनऊला यूव्हीखाली ठेवलं आणि नारिंगी रेषा एकेक वेगळी दिसली, काही घरांत, म्हणजे जेलमधल्या एकेका मेंढीच्या रांगेत, वर एकच जाड पट्टी, काही घरांत वर एक आणि तिच्या जरा खाली दुसरी. दोन पट्ट्या म्हणजे एक कॉपी आईची साधी आणि एक त्या मेंढ्याची. मी तिथं उभी राहून नळीवरचे नंबर आणि वहीतली नावं जुळवत होते, नंबर १७ म्हणजे भुरी, २३ म्हणजे बांडी, ३१ म्हणजे कानतुटकी. प्रत्येकीचं तोंड मला दिसत होतं, कारण रक्त घेताना त्यांची मान आप्पांनी धरली होती आणि मी सुई.

आता दुसऱ्या दिवसाची दुपार. वाडा तेव्हा सासवडच्या बाजूला होता, ज्वारीची रानं मोकळी झालेली, एका शेतकऱ्यानं रानाला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवायला बोलावलं होतं. मी आप्पांना सहज फोनवर म्हणलं होतं या बघायला, आणि ते खरंच आले. एसटीनं हडपसर, तिथून सिटी बस. पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मी गेटवरून त्यांना घेऊन आले. पोस्टरच्या हॉलमध्ये सगळे त्यांच्याकडं बघायला लागले, मला एकदम भरून आलं, का ते सांगता येत नाही.

आप्पांना लिहिता-वाचता फारसं येत नाही. पोस्टरपुढं उभं राहून त्यांनी सगळ्यात आधी जेलच्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्यात भुरी कुटली?"

मी दाखवली. दोन पट्ट्या.

"बरूबर हाय. तिला गेल्या साली जुळी झाली. दोन्ही माद्या." मग म्हणाले, "बांडी बी आसंल. तिचं त्वांड बघ की, आक्शी बापावर गेलीया."

बांडीला एकच पट्टी होती. मी सांगितलं, आप्पा, तोंड बापावर गेलं म्हणून हे पण बापाचं येतंच असं नाही, त्याच्याकडं दोन कॉप्या, एक बदललेली एक साधी, लेकीला त्यातली कुठली जाईल ते नाणं उडवल्यासारखं. ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हंजी दिसण्याचं अन् विण्याचं येगळं हाय," असं म्हणाले. हे वाक्य आम्हाला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एक अख्खा चॅप्टर वापरून शिकवलं होतं.

मग कानतुटकी. लहानपणी कुत्र्यानं तिचा कान तोडला म्हणून कानतुटकी. तिचं एकच वेत झालेलं, त्यात एकच कोकरू, तेही अशक्त, आणि आप्पा तिला लोणंदच्या बाजारात काढायच्या विचारात होते. तिला दोन पट्ट्या निघाल्या. मी सांगितलं की अक्षर असलं तरी दर वेळी जुळं होतंच असं नाही, पहिल्या वेताला तर बऱ्याचदा एकच होतं. त्यांनी परत विचारलं, "नक्की हीच न्हवं? नळी बदलली न्हाय ना?" मी म्हणलं दोनदा केलंय आप्पा. हा प्रश्न आदल्या दिवसापासून पोस्टर बघून गेलेल्या एकाही माणसानं विचारला नव्हता, आणि तो खरं म्हणजे सगळ्यात आधी विचारायला पाहिजे असा प्रश्न आहे.

आणि मग त्यांनी पुढचं विचारलं. "दुसऱ्या पिल्लाला दूध पुरतं का, ते कुटं लिवलंय ह्यात?"

ते पोस्टरवर नव्हतं. कुठंच नव्हतं. माझ्याकडं पट्ट्या होत्या, टक्केवारी होती, काय-स्क्वेअर नावाचं संख्याशास्त्राचं गणित होतं, आणि दूध नव्हतं. फलटणच्या लोकांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलेलं आहे, जुळी जगतात का, त्यांची वजनं किती भरतात, धनगराला शेवटी पैसे किती सुटतात, या सगळ्याच्या नोंदी त्यांनी प्रत्यक्ष वाड्यावाड्यातून गोळा केल्यात, ते मी वाचलेलं होतं. पण माझ्या स्वतःच्या ४२ मेंढ्यांबद्दल मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. आमच्या वाड्यात चार-पाच शेरड्या कशासाठी ठेवतात हे मला लहानपणापासून माहीत आहे, ज्या कोकराला आईचं दूध पुरत नाही त्याला शेरडी पाजतात, ते चालायला लागेपर्यंत घोड्यावर बिऱ्हाडात बसवून नेतात. जुळं झालं म्हणजे आणखी एक कोकरू घोड्यावर, आणखी एक शेरडीला, आणि ते सगळं करणार माझी चुलती. तिचा वेळ कुठल्या कॉलममध्ये लिहायचा होता मी?

तेवढ्यात शेजारच्या पोस्टरजवळ उभे असलेले एक वयस्कर पशुवैद्यक सर, नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही, ते पुढं आले आणि आप्पांना म्हणाले, पाव्हणं, जरा बसून बोलू का. हॉलच्या कडेला दोन खुर्च्या ओढल्या आणि खिशातून डायरी काढली. पुढचा पाऊण तास आप्पा बोलत होते आणि सर लिहीत होते. कुठली मेंढी कुणाची लेक, तिची आई कुठल्या वर्षी कुठं विणली, किती झाली, जगली किती, कुठल्या कोकराला शेरडीवर लावलं, कुठल्या मेंढीनं दुसऱ्याचं पोर अंगाखाली घेतलं. चार-चार पिढ्या मागं! एकदाही अडले नाहीत. मी लेबलं लावलेल्या नळ्यांमध्ये दोनदा गोंधळले होते, आणि हा माणूस डोक्यात आख्खं वंशपत्र घेऊन फिरतोय.

संध्याकाळच्या चर्चासत्रात याच सरांनी ते मांडलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वाशिममध्ये गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप आल्या, एकाच वेळी डीएनएवरच्या हजारो जागा तपासणाऱ्या, त्यावरून विषय निघाला होता की मेंढ्या-शेळ्यांसाठी आपल्याकडं असं काय करता येईल. सर म्हणाले, चिप बनेल, सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचणं, दर वर्षी स्वस्त होतंय, ती अडचण राहिलेली नाही, अडचण ही आहे की चिपच्या दुसऱ्या बाजूला काय ठेवणार. ही मेंढी किती विणली, किती चालली, कुठला रोग झाला आणि कुठला नाही, हे माहीत नसेल तर नुसत्या अक्षरांचा काय उपयोग. डेअरीत गाईच्या दुधाची नोंद तरी असते, फिरत्या कळपाची नोंद धनगराच्या डोक्यात आहे, आणि आज दुपारी मी त्यातली नऊ पानं लिहून घेतलीत.

मला हे इतकं पटलं की मी रात्रभर तेच घोळवत होते. आम्ही दोन दिवस बोलत होतो ते ७०,००० जातींच्या जीनोमबद्दल, आणि ते झालंच पाहिजे, त्यात मला शंका नाही, लंगफिशच्या त्या ४,३०० कोटी अक्षरांचा मला मनापासून आनंद आहे. पण जीनोम म्हणजे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं त्या जनावराबरोबर रोज उन्हात चालणाऱ्या माणसाकडं आहे, आणि त्याला आपण फक्त रक्त काढताना मान धरायला बोलावतो. रिझल्ट सांगायलाही परत जात नाही बऱ्याचदा. मी स्वतः आप्पांना निकाल सांगितला तो थेट पोस्टरपुढं, चार महिन्यांनी, आणि तेवढ्यात कानतुटकी बाजारात गेली असती. हे चुकलंच माझं. टेस्टचा निकाल आला की पहिला फोन वाड्यावर, हे मी आता ठरवून टाकलंय.

कुणी म्हणेल प्रत्येक धनगराला सिंपोझियमला कसं बोलावणार. नका बोलावू, आपण जा. वाडा कुठं आहे ते विचारत गेलं की सापडतो, चहा मिळतो, आणि रात्री मेंढरं वाघरीत गेल्यावर माणसं निवांत बोलतात.

निघताना आप्पांनी पोस्टर मागितलं. एवढं मोठं एसटीत कसं नेणार म्हणून मी जेलच्या फोटोची प्रिंट काढून दिली. "नावं लिव ह्याच्यावर," म्हणाले. मी प्रत्येक घराच्या वर पेनानं नाव लिहिलं, भुरी, बांडी, कानतुटकी, मोरी, सगळ्या, वाचायला त्यांचा नातू आहे, सातवीत आहे तो. घडी घालून त्यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, जिथं पैसे ठेवतात तिथं.

बरोबर मी एक दोनशे पानी वही पण दिली, आखून. मेंढीचं नाव, विण्याची तारीख, किती झाली, नर-मादी, महिन्यानं जिवंत किती. काल नातवानं व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या पानाचा फोटो पाठवला. त्यात दोन कॉलम मी आखलेलेच नव्हते, पट्टी न घेता हातानंच ओढलेत, थोडे वाकडे. एकावर लिहिलंय 'दूध', आणि दुसऱ्यावर 'कुटं विणली'. मी फोन करून विचारलं हे दुसरं कशाला, तर आप्पा म्हणाले, ज्वारीच्या रानात विणली तर दूध उतरतं, डोंगराला विणली तर आटतं, मग नुसतं 'दूध कमी' लिवून मेंढीला दोष का द्यायचा.

कानतुटकीची ओळ आहे त्या पानावर. या पंधरवड्यात ती विणेल असं आप्पा म्हणतायत, पुढचे सगळे रकाने अजून कोरे आहेत. रविवारी मी रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन वाड्यावर जातेय, नव्या कोकरांचं रक्त घ्यायला.